पाय म्हणावे की पंख?

कोजागिरीचं दूध पिऊन आठवडा उलटलेला असतो. आपल्या घरांत चकलीच्या भाजणीचा वास दरवळत असतो, यंदा आकाशकंदील घरी करायचा की विकत आणायचा यावर चर्चा चालू असते. नेमक्या त्याच सुमाराला, वद्य सप्तमी-अष्टमीच्या पहाटे, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरची माणसं दिवे, जाळी आणि बादल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. एखाद्या वर्षी हा मुहूर्त महिनाभर पुढे, त्रिपुरी पौर्णिमेनंतर येतो. पण ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर आणि उतरत्या चंद्राची अष्टमी हे गणित ठरलेलं.

ही मंडळी वाट पाहत असतात ती पालोलो नावाच्या एका समुद्री कृमीची. वर्षभर हा प्राणी प्रवाळाच्या बिळात दडून राहतो. त्या ठरावीक रात्री त्याच्या शरीराचा मागचा भाग, अंडी किंवा शुक्राणूंनी गच्च भरलेला, तुटून सुटा होतो आणि डोक्याशिवायच वर पोहत येतो. पहाटेच्या पाण्यात अशा लाखो हिरव्या-तपकिरी शेवया वळवळत असतात. उजाडताना त्या फुटतात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात मिसळतात, आणि सोहळा संपतो. डोकं मात्र खाली बिळात सुखरूप असतं. ते पुन्हा नवीन शेपूट वाढवतं, पुढच्या वर्षासाठी. सामोआचे लोक या शेवया कच्च्या खातात किंवा लोण्यावर परततात, आणि नातेवाइकांकडे वाटेही पाठवतात. आपल्या फराळाच्या ताटांसारखेच.

इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरही अशाच कृमींचा उत्सव असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथली कथा अशी की मांडलिका नावाच्या राजकन्येसाठी अनेक राजपुत्र भांडू लागले, युद्धाची वेळ आली, तेव्हा तिने कोणा एकाची होण्याऐवजी समुद्रात उडी घेतली आणि ती सगळ्यांची झाली, या कृमींच्या रूपाने.

डोकं नसलेली शेपूट पोहते कशी? तर पायांनी. म्हणजे पायांसारख्या कशाने तरी. हा लेख त्या 'पायांसारख्या कशाच्या तरी' गोष्टीचा आहे, आणि ती गोष्ट, विश्वास ठेवा, आपल्या रविवारच्या मराठी शाळेपर्यंत येऊन पोहोचते.

शब्द कुठला?

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वलयी प्राण्यांचा संघ पाठ केला असेल: गांडूळ, जळू आणि नेरीस. गांडूळ अंगणात पाहिलेलं असायचं, जळू ऐकून माहीत असायची, नेरीस मात्र नुसता चित्रात. त्या चित्रात अंगाच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यांची रांग असायची आणि तिच्याकडे बाण दाखवून लिहिलेलं असायचं, 'परापाद'.

शब्द मोठा गमतीदार आहे. ग्रीकमध्ये 'पारा' म्हणजे बाजूला आणि 'पोडियन' म्हणजे छोटा पाय. त्यावरून युरोपीय भाषांत 'पॅरापोडिया' झालं. ग्रीक 'पोड' आणि संस्कृत 'पाद' ही एकाच मूळ धातूची लेकरं, त्यामुळे आपल्या परिभाषाकारांनी शब्दाचा अर्धा भाग ठेवला, अर्धा बदलला, आणि 'परापाद' कानाला इतका आपला वाटला की त्याचा परदेशी पासपोर्ट कोणी पाहिलाच नाही.

हे खरे पाय नव्हेत. झुरळ, खेकडा किंवा गोम यांच्या पायांना सांधे असतात. परापादाला सांधा नाही. तो अंगाचाच बाहेर आलेला मांसल पदर असतो, बहुधा दोन पाकळ्यांचा, एक वरची आणि एक खालची. आत आधाराला टणक काड्या असतात, तंबूच्या खांबांसारख्या. टोकाला केसांचे झुबके असतात, त्यांना पाठ्यपुस्तकात दृढरोम म्हणत. हे केस कायटिनचे, म्हणजे कोळंबीचं कवच ज्या पदार्थाचं असतं त्याचेच.

नेरीस सावकाश चालतो तेव्हा परापादांची एक लाट शेपटीकडून डोक्याकडे जाते. डाव्या बाजूचा पाय पुढे असेल तेव्हा त्याच वळ्यावरचा उजवा मागे असतो. घाई असेल तर सगळं अंगच नागमोडी हलतं आणि परापाद वल्ह्यांचं काम करतात. शिवाय त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असल्यामुळे श्वासही तिथूनच घेतला जातो. चालताना श्वास घेणारे पाय, असं समजा.

एक पाय, अनेक धंदे

पॉलिकीट, म्हणजे पुष्कळ केसांचे, या गटात दहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. प्रत्येकीने या एकाच अवयवाचा आपापल्या गरजेप्रमाणे उपयोग केला. आपल्या आज्या एकाच नऊवारी लुगड्याचं आधी नेसणं, मग दुपटं, मग गोधडी आणि शेवटी पायपुसणं करत, त्यातलाच प्रकार.

कीटॉप्टेरस नावाचा कृमी समुद्राच्या तळाशी इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीत राहतो आणि जन्मभर बाहेर येत नाही. त्याच्या मधल्या तीन वळ्यांचे परापाद जुळून पंखे झाले आहेत. ते हलत राहतात आणि नळीतून पाण्याचा प्रवाह खेळता राहतो. आणखी पुढचे दोन परापाद पंखांसारखे पसरून चिकट स्रावाची पिशवी विणतात. पाण्यातला बारीकसारीक खाऊ त्या गाळणीत अडकतो. पिशवी भरली की तिची गोळी वळली जाते आणि तोंडाकडे सरकते. घरबसल्या पंखा, गाळणी आणि लाडू, सगळं पायांवर. त्यात भर म्हणजे हा प्राणी अंधारात निळा चमकतो. नळीत बसून तो नेमका कोणासाठी चमकतो, यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवताहेत.

टोमॉप्टेरिस मात्र तळ कधी पाहतच नाही. तो काचेसारखा पारदर्शक असतो, खोल समुद्रात आयुष्यभर परापादांनी पोहतो आणि त्या परापादांतूनच पिवळा प्रकाश सोडतो. समुद्रातले बहुतेक जीव निळा प्रकाश देतात, त्यामुळे ही पिवळी रोषणाई दुर्मीळ समजली जाते.

अ‍ॅफ्रोडिटा हा कृमी युरोपच्या किनाऱ्यावर वादळानंतर कधी कधी वाळूत सापडतो. इंग्लंडात त्याला 'समुद्री उंदीर' म्हणतात, कारण तो केसाळ आणि बुटका असतो. पण लिनियसने १७५८ साली त्याला नाव दिलं ते थेट ग्रीक सौंदर्यदेवतेचं. पाहण्यासारखे असतात ते त्याच्या परापादांवरचे केस. त्यांच्यात रंगद्रव्य नाही. केसाच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्यांची इतकी शिस्तबद्ध रचना आहे की प्रकाश एका कोनातून लाल दिसतो आणि दुसऱ्या कोनातून हिरवा-निळा. पैठणीचा धूपछाँव पदर हलवला की रंग बदलतो ना, तसा. फरक इतकाच की पैठणीत दोन रंगांचे धागे असतात, इथे रंग मुळात नाहीच.

आता एक सूचना, विशेषतः डिसेंबरच्या सुट्टीत फ्लोरिडा किंवा कॅरिबियन बेटांवर जाणाऱ्यांसाठी. तिथल्या उथळ पाण्यात लालसर-हिरवट अंगाचा, बाजूंना पांढऱ्या केसांचे मऊ झुबके असलेला बोटभर ते वीतभर कृमी दिसला तर हात लावू नका. तो 'फायरवर्म', म्हणजे आग्या. ते मऊ दिसणारे झुबके काचेच्या कुसळांसारखे कातडीत मोडतात आणि खाजकुइलीपेक्षा वाईट आग होते. कुसळं काढायला चिकटपट्टी लावून ओढणं हा तिथे सांगितला जाणारा साधा उपाय. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणि अटलांटिकमधल्या बर्म्यूडा बेटांजवळ आणखी एक नातेवाईक राहतो. उन्हाळ्यात, पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन रात्री, सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत त्याच्या माद्या पाण्यावर येऊन हिरवा प्रकाश सोडत गोल गोल फिरतात आणि नर त्या उजेडाकडे झेपावतात. ११ ऑक्टोबर १४९२ च्या रात्री, जमीन दिसण्याच्या काही तास आधी, कोलंबसला पाण्यावर मेणबत्तीसारखा खालीवर होणारा उजेड दिसल्याची नोंद आहे. तो उजेड या जातीच्या कृमींचा असावा, असा तर्क काही शास्त्रज्ञांनी केला आहे.

गोगलगाईचे पंख

परापाद हे नाव आणखी एका घराण्यात वापरलं जातं, आणि त्या घराण्याचा कृमींशी या बाबतीत संबंध नाही. ते म्हणजे समुद्री गोगलगायी. आडनाव 'जोशी' असलं की प्रत्येक वेळी नातं निघतंच असं नाही, तसंच हे. गोगलगाय मृदुकाय प्राणी. ती ज्या सपाट मांसल पायावर सरकते, त्याच्या दोन्ही कडा काही जातींत वर वाढून पदरासारख्या पाठीवर येतात. त्या पदरांनाही परापादच म्हणतात. काम पोहण्याचं, झाकण्याचं, कधी उडण्याचंसुद्धा. मूळ मात्र वेगळं. गरज सारखी असली की निसर्ग दोन वेगळ्या घरांत एकसारखी वस्तू घडवतो.

आर्क्टिकच्या थंड पाण्यातली क्लिओनी ही बोटाच्या पेराएवढी, शंख नसलेली गोगलगाय. दोन इवल्या परापादांनी ती पाण्यात अशी उडते की जपानमध्ये तिला 'तरंगत्या बर्फाची परी' म्हणतात. तिचं खाणं एकच, लिमासिना नावाची पंखवाली गोगलगाय. हे 'सागरी फुलपाखरू' काही मिलिमीटरचं, पाठीवर पारदर्शक शंख, आणि तेही परापादांनीच उडतं. त्याचे पंख पाण्यात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरतात, माशीचे हवेत फिरतात तसे.

या फुलपाखरावर सध्या संकट आहे. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि पाणी थोडं थोडं आम्लधर्मी होत जातं. लिमासिनाचा शंख चुनखडीच्या अशा प्रकाराचा असतो की तो सहज विरघळतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तपासलेल्या निम्म्याहून अधिक जीवांच्या शंखांवर विरघळल्याच्या गंभीर खुणा सापडल्या. हे जीव गुलाबी सामनच्या पिल्लांचं अन्न आहेत. म्हणजे ही गोष्ट आपल्या फ्रीजपर्यंत येते.

पान झालेली गोगलगाय

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मंडळींसाठी त्यांच्याच खारट दलदलीतली एक नवलाई सांगते. एलिसिया क्लोरोटिका ही दोन-तीन सेंटिमीटरची गोगलगाय. तिने परापाद पसरले की हुबेहूब हिरवं पान. देठ, शिरा सगळं. हिरवेपणा तिचा स्वतःचा नाही. ती एका शेवाळाचा रस शोषते, बाकी सगळं पचवते, पण त्यातली हरितलवकं, म्हणजे वनस्पतींची अन्न शिजवणारी चूल, न पचवता अंगात ठेवून देते. ही चोरलेली हरितलवकं तिच्या परापादांत पसरतात आणि महिनोन् महिने टिकतात. प्रयोगशाळेत अशा गोगलगायी शेवाळ न मिळताही नऊ-दहा महिने जगल्या आहेत. त्या खरंच उन्हावर जगतात, की ही हरितलवकं म्हणजे हळूहळू पचवायची शिदोरी आहे, यावर वाद आहे. तिच्या काही बहिणी अंधारातही बराच काळ तग धरतात असं दिसल्यामुळे वाद मिटलेला नाही.

जपानमधल्या नारा महिला विद्यापीठातल्या सायाका मितो या विद्यार्थिनीला तर प्रयोगशाळेतल्या एका एलिसियाचं नुसतं डोकं फिरताना दिसलं. गोगलगाईने स्वतःच आपलं धड, परापाद आणि हृदयासकट, मानेपासून तोडून टाकलं होतं. ते डोकं काही तासांत शेवाळ खाऊ लागलं, आठवड्याभरात नवीन हृदय तयार झालं आणि सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण धड. २०२१ च्या मार्चमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. अंगातल्या परोपजीवींपासून सुटका करून घेण्यासाठी हे असावं, असा त्यांचा अंदाज आहे. पालोलो शेपूट सोडतो, ही सगळं धड. डोकं मात्र दोघंही सांभाळतात.

पंखांखालचा कल्ला

आता मुख्य गोष्टीकडे. आपल्या कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर अ‍ॅप्लिसिया नावाची वीत-दीड वीत लांबीची तपकिरी गोगलगाय असते. डोक्यावरच्या दोन शिंगांमुळे ती सशासारखी दिसते, म्हणून इंग्रजीत 'सी हेअर', आपण सागरी ससा म्हणू. लाल शेवाळ खाते, डिवचली तर त्याच शेवाळातल्या रंगापासून बनवलेली जांभळी शाई सोडते, शेवयांच्या गुंतवळ्यासारखी अंडी घालते आणि वर्षभरात आयुष्य संपवते. तिच्या पाठीवर दोन जाड परापाद शालीसारखे गुंडाळलेले असतात. त्या शालीखाली असतो तिचा नाजूक कल्ला, आणि शालीच्या फटीतून बाहेर येते एक छोटी नळी. नळीला कोणी स्पर्श केला की कल्ला झटकन आत ओढला जातो. बस, एवढीच तिची प्रतिक्षिप्त क्रिया. या एवढ्याशा हालचालीवर एका माणसाने आयुष्य काढलं.

एरिक कँडेल यांचा जन्म व्हिएन्नाचा, ७ नोव्हेंबर १९२९. वडिलांचं खेळण्यांचं दुकान होतं. नवव्या वाढदिवसाला त्यांना निळी खेळण्यातली मोटार मिळाली. दोनच दिवसांनी नाझी पोलिसांनी दार ठोठावलं आणि ज्यू असल्यामुळे कुटुंबाला घराबाहेर काढलं. काही दिवसांनी परतले तेव्हा घर लुटलेलं होतं, मोटारही गेली होती. एप्रिल १९३९ मध्ये हा मुलगा थोरल्या भावाबरोबर बोटीने न्यूयॉर्कला आला. हार्वर्डला त्यांनी इतिहास आणि साहित्य शिकलं, मग वैद्यक. व्हिएन्नातले ते दिवस इतके लख्ख का आठवतात, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आठवण नेमकी राहते कुठे?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. तिथे एक आठवण शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. अ‍ॅप्लिसियात मात्र अवघ्या वीस हजारांच्या आसपास, आणि काही तर इतक्या मोठ्या की भिंगाशिवाय दिसाव्यात. १९६० च्या दशकात सहकाऱ्यांनी 'गोगलगाईत काय आठवण सापडणार?' म्हणून समजावलं, तरी त्यांनी हाच प्राणी धरला. २००० सालचं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्याबरोबर मिळालं.

त्यांना काय सापडलं? नळीला हलका, निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा केला की गोगलगाय ओळखते, 'हे नेहमीचंच आहे', आणि कल्ला ओढेनाशी होते. शेपटीला झटका दिला की उलट होतं. धसका बसतो आणि मग साध्या स्पर्शालाही ती दचकते. दोन्ही शिकणंच. आता खरी मेख. सलग चाळीस वेळा स्पर्श केला तर शिकलेलं एक दिवस टिकतं. तेच चाळीस स्पर्श रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत विभागून दिले तर ते काही आठवडे टिकतं. स्पर्श तितकेच, फरक फक्त मधल्या विश्रांतीचा.

असं का? थोड्या वेळाच्या आठवणीत चेतापेशींमधले जुनेच जोड तात्पुरते बळकट किंवा कमकुवत होतात. टिकाऊ आठवणीसाठी पेशीतली जनुकं जागी व्हावी लागतात, नवी प्रथिनं बनावी लागतात, आणि मग जोडांची संख्याच बदलते. अ‍ॅप्लिसियाच्या एका संवेदी चेतापेशीला असे सुमारे १३०० जोड असतात. दीर्घकाळ टिकणारा धसका शिकवल्यावर ते २७०० च्या घरात जातात. आठवण म्हणजे शब्दशः वाढलेलं शरीर.

काही आठवड्यांनी गोगलगाय विसरते. तेव्हा जोड पुन्हा १३०० वर येत नाहीत. ते सुमारे १५०० वर थांबतात. विसरल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं. कँडेल यांच्या मते म्हणूनच तीच गोष्ट दुसऱ्यांदा शिकणं सोपं जातं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली निरर्थक अक्षरं पाठ करून आणि विसरून स्वतःवरच प्रयोग केले होते. त्यालाही हेच दिसलं होतं की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो आणि विभागून केलेला अभ्यास एकदम केलेल्यापेक्षा जास्त टिकतो.

रविवारचा वर्ग

भारतात मी शाळेत मराठी शिकवत असे. इथे घर सांभाळून रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेते. गोगलगाईवरून थेट माणसाच्या भाषेवर उडी मारू नये हे मला कळतं. भाषा म्हणजे कल्ला ओढणं नव्हे. पण एबिंगहाउसचे प्रयोग माणसावरचे होते, आणि प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने माहीत असलेली गोष्टच या दोघांनी आकड्यांत मांडली.

आपल्याकडचं चित्र असं असतं. रविवारी दोन तास वर्ग. घरचा अभ्यास शनिवारी रात्री नऊला, आईच्या आवाजाच्या चढत्या पट्टीत. मग सहा दिवस मराठी फक्त 'जेवायला ये' आणि 'दिवा घालव' एवढीच. सलग चाळीस स्पर्श आणि एक दिवसाची आठवण.

गेल्या वर्षीपासून आम्ही वर्गात एक छोटा बदल केला आहे. चार पानांचा अभ्यास देण्याऐवजी रोजचा एक तुकडा द्यायचा, दहा मिनिटांचा. सोमवारी पाच शब्द. मंगळवारी त्या पाच शब्दांची वाक्यं. बुधवारी भारतातल्या आजी-आजोबांना फोनवर एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून आणायचं: तुमच्या लहानपणी दिवाळीत काय करायचात? गुरुवारी काही नाही, विश्रांती. शुक्रवारी सोमवारचेच शब्द पुन्हा. पालकांपैकी काहींना हे फारच थोडं वाटलं. पण 'उटणं', 'किल्ला', 'अभ्यंग', 'पणती' हे ऑक्टोबरातले शब्द मुलांना मार्चमध्ये न सांगता आठवले. त्यात मोठा वाटा बुधवारचा होता. किल्ल्यासाठी माती कुठून आणायची हे आजोबांनी वीस मिनिटं रंगवून सांगितल्यावर तो शब्द कसा विसरणार?

दुसरी गोष्ट मोठ्या मुलांबद्दल. पुष्कळ घरांत हे दुःख असतं, बोलून दाखवलं जात नाही. चौथीपर्यंत छान मराठी बोलणारं मूल चौदाव्या वर्षी आजीसमोर गप्प बसतं. आजी विचारते, ते मान हलवतं, मग आई मध्ये पडून दुभाषीपण करते. फोन ठेवताना आजी म्हणते, 'असू दे गं, खूश आहे ना, बस.' आणि आपल्याला वाटतं, गेली ती भाषा.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा पाच वर्षांच्या खंडानंतर परत आला. पहिले दोन रविवार तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या रविवारी बाराखडी वाचताना त्याचं बोट अक्षराच्या आधी पुढे सरकू लागलं. नव्याने येणारी मुलं जे चार महिन्यांत शिकतात ते त्याला सहा आठवड्यांत आलं. आईला नवल वाटलं. मला त्या १५०० जोडांची आठवण झाली. मूल विसरलं म्हणून पाटी कोरी झालेली नसते. ज्या घरात कधीकाळी मराठी बोलली गेली, तिथे मूल शून्यापासून सुरुवात करत नाही. तेव्हा 'आता उशीर झाला' असं ज्यांना वाटतंय त्यांनी या गोगलगाईचा शब्द ऐकावा आणि रोज दहा मिनिटं काढून पाहावीत.

बघायचं कुठे?

सागरी ससा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा ओहोटीही तितकीच खोल जाते. मधल्या अष्टमीला भांग असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही. कॅलिफोर्नियात हिवाळ्यातली सर्वांत खोल ओहोटी दुपारी, उजेडी येते, आणि वसंत-उन्हाळ्यातली भल्या पहाटे. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपासून पुढचे तीन-चार महिने मुलांना घेऊन जायला सोयीचे. भरती-ओहोटीच्या तक्त्यात उणे आकडा असलेला दिवस निवडा. सॅन डिएगोचं कॅब्रिओ राष्ट्रीय स्मारक आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मॉस बीचचं फिट्झगेराल्ड सागरी अभयारण्य, दोन्ही ठिकाणी खडकांतली डबकी पाहता येतात. ओल्या शेवाळावर पाय घसरतो, त्यामुळे बूट चांगले घाला. समुद्राकडे पाठ करू नका. काही उचलून घरी आणायला बंदी आहे, आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा.

सुट्टीत मुंबईला गेलात तर तिथेही हे जग आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी माहितीच्या फेऱ्या काढतो. ज्या चौपाटीवर आपण फक्त भेळ खाल्ली तिथल्या खडकांत समुद्री गोगलगायी, कृमी, प्रवाळ आहेत हे पाहून आजी-आजोबाही थक्क होतात. कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची काही प्रवाळं उचलून दुसरीकडे न्यावी लागली होती. तिथे असं काही जगतं हे लोकांना आधी माहीत असलं तरच त्याबद्दल कोणी विचारणार.

जाताना मुलांना पाच शब्द सोबत द्या: ओहोटी, उधाण, शेवाळ, कल्ला, परापाद. डबक्यापाशी बसून वाट पाहा. सागरी ससा सापडलाच तर त्याच्या पाठीवरची ती दुहेरी शाल हलताना दाखवा. परतल्यावर भारतात फोन लावा आणि काय पाहिलं ते मुलांनाच सांगू द्या. अडखळले तर लगेच मध्ये बोलू नका. शब्द यायला थोडा वेळ लागतो. आणि पंधरा दिवसांनी, पुढच्या उधाणाला, परत जा.